तीन घरांची चार पोरं

गाडी भिलाईच्या सेक्टर सातच्या गल्लीतून बाहेर पडली तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. डिसेंबरची थंडी होती. कानटोप्या, मफलर गुंडाळलेली माणसं सायकली आणि स्कूटरवरून पहिल्या पाळीसाठी कारखान्याच्या गेटकडे निघाली होती. आम्ही उलट्या दिशेला, बस्तरकडे वळलो. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी बसले होते आणि मागच्या दोन रांगांमध्ये चार पोरं होती. त्यांतलं माझं एकच.

दोघं खालच्या मजल्यावरची, दहा वर्षांची बहीण आणि आठ वर्षांचा भाऊ. त्यांचं मूळ गाव केरळात आलप्पुळजवळ. वडील कारखान्यात रोलिंग मिलला आणि आई नर्स. चौथा माझ्या मुलाच्या वर्गातला, अकरा वर्षांचा, कॅम्प दोन या वस्तीत राहणारा छत्तीसगढी मुलगा. त्याचे वडील कारखान्यातच ठेकेदाराकडे कामाला आहेत.

नागपूरच्या माझ्या बहिणीला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, स्वतःचं एक सांभाळताना जीव जातो. दुसऱ्यांची तीन कशाला घेतेस अंगावर?" तिचं बरोबरच होतं. पण तिच्या घरापासून दहा मिनिटांवर सासर आणि अर्ध्या तासावर माहेर आहे. भिलाईत असं कुणाचंच नाही.

या गावाचा जन्मच तसा झाला आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि दुर्गजवळच्या भातशेतीच्या मुलखात पोलाद कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. आंध्र, केरळ, बंगाल, ओडिशा, पंजाब, बिहार, विदर्भ, जिथून तिथून माणसं आली. छत्तीसगडात मराठी माणूस तसा जुना आहे. बिंबाजी भोसल्यांनी अठराव्या शतकात रतनपूरला बसून इथला कारभार पाहिला आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा करेपर्यंत भोसल्यांचा अंमल राहिला. पण भिलाईतली बहुतेक मराठी घरं त्या वाड्यांमधून आलेली नाहीत. ती नोकरीच्या मागे आली. माझे सासरे असेच वर्ध्याहून एक ट्रंक घेऊन उतरले होते. सेक्टरांमध्ये क्वार्टर मिळाली, एकेका इमारतीत चार भाषा नांदू लागल्या, आणि काका, मामा, आजी ही माणसं शेकडो किलोमीटर मागे राहिली.

त्यात पाळ्या. सकाळी सहा ते दुपारी दोन, दोन ते रात्री दहा, दहा ते सकाळी सहा. भट्टी रविवार पाळत नाही, दिवाळीही पाळत नाही, त्यामुळे साप्ताहिक सुट्टी कुणाची मंगळवारी, कुणाची शुक्रवारी. नवरा-बायको दोघंही पाळीत काम करणारे असले तर एकत्र चार दिवस मिळणं जवळपास अशक्य. म्हणून सेक्टरांमधल्या बायकांनी फार पूर्वीपासून एक रीत पाडून घेतली आहे. ज्यांना सुट्टी मिळाली, ते निघताना शेजारच्या पोरांनाही विचारतात. माझा नवरा लहानपणी एका बंगाली कुटुंबाबरोबर पुरीला जाऊन आला. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो त्यांचा हात धरून, आणि त्या घरची 'माशिमा', म्हणजे मावशी, आमच्या लग्नात पहिल्या रांगेत बसली होती.

त्या काळी "पाठवा हो, एकाला दोन" एवढ्यावर काम भागायचं. आता भागत नाही, आणि भागू नये असं माझं मत आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी मी दोन्ही घरांकडून एकेक कागद लिहून घेतला. मुलांची नावं, जन्मतारखा, रक्तगट, कुठल्या औषधाची किंवा खाण्याची ॲलर्जी, नेहमीची औषधं, पोहता येतं की नाही, दोन-दोन फोन नंबर आणि खाली सही: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मुलं आमच्या संमतीने यांच्याबरोबर आहेत, अडीअडचणीला उपचाराचा निर्णय यांनी घ्यावा. सोबत आधार कार्डाच्या प्रती. खोली घेताना त्या लागल्याच. काउंटरवरच्या माणसाने तीन वेगवेगळी आडनावं पाहून मान वर केली. मी कागद पुढे सरकवला, त्याने तो शांतपणे वाचला आणि किल्ली दिली. त्याने विचारलं याचं मला बरंच वाटलं. विचारायलाच हवं.

दुसरी गोष्ट गाडीची. आमच्या पाच जणांच्या गाडीत सहा माणसं दाटीवाटीने मावली असती. स्वतःच्या मुलाला मांडीवर घेऊन आपण कितीदा तरी जातो. पण २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या सुधारणेनंतर चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय बसवणं हा दंडाचा गुन्हा आहे, आणि दंडाचं जाऊ दे, त्या दोन आयांना मी काय सांगितलं असतं? सात आसनांची गाडी भाड्याने घेतली. प्रत्येकाला आपली जागा, आपला पट्टा.

पैशांचं बोलणं सगळ्यात अवघड असतं. खालच्या मजल्यावरच्यांनी आपला वाटा आधीच हातावर ठेवला. कॅम्पमधल्या घरी मी पैशांचा विषयच काढला नाही. पेट्रोल आणि खोली एका मुलाने वाढत नव्हती. तरी त्याची आई आदल्या संध्याकाळी आली, हातात स्टीलचा मोठा डबा. आत ठेठरी आणि खुरमी. बेसनाची खारी, कुरकुरीत ठेठरी आणि गुळाची, गव्हाच्या पिठाची खुरमी. तिजा-पोळ्याला छत्तीसगढी घरांत होते ती. "दीदी, रास्ते के लिए," एवढंच म्हणाली. चार दिवस चार पोरांनी दुकानातल्या पाकिटांकडे फारसं पाहिलं नाही, यातलं निम्मं श्रेय त्या डब्याला.

दुसऱ्यांची पोरं सुट्टीत आपल्याकडे घेण्याची ही गोष्ट अमेरिकेत संस्था म्हणून उभी राहिली आहे. १८७७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या शर्मन या छोट्या गावच्या विलर्ड पार्सन्स नावाच्या पाद्र्याने आपल्या मंडळींना विनंती केली की न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींमधल्या मुलांना उन्हाळ्यात काही दिवस घरी ठेवून घ्या. त्यातून 'फ्रेश एअर फंड' सुरू झाला, तो आजही चालतो. १९८६ च्या चेर्नोबिलच्या अपघातानंतर तिकडच्या हजारो मुलांना इटली आणि आयर्लंडमधल्या कुटुंबांनी सुट्टीत आपल्याकडे बोलावलं, काहींनी तर वर्षानुवर्षं. मला या कामांबद्दल आदर आहे. पण अशा प्रत्येक पाहुणचारात एक देणारा आणि एक घेणारा ठरून जातो, आणि मुलांना ते फार लवकर कळतं. कॅम्पमधल्या त्या आईला हे माझ्याआधी कळलं होतं. तिने आपल्या मुलाला देणाऱ्याच्या बाजूला बसवून पाठवलं.

धमतरीला राष्ट्रीय महामार्ग ३० लागला आणि खिडकीवरून पहिलं भांडण झालं.

माझ्या मुलाने खिडकी धरली होती आणि सोडायला तयार नव्हता. मी गावं वाटून दिली: धमतरीपर्यंत तू, कांकेरपर्यंत तो, कोंडागावपर्यंत धाकटा. तो गप्प राहिला. मग नाश्त्याला थांबलो तेव्हा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "आई, ही आपली सुट्टी आहे ना? मग तू त्यांचीच आई कशी झालीस?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी खरंच तसं वागत होते. त्याच्यावर ओरडायला मला परवानगी लागत नव्हती, म्हणून सकाळपासूनची सगळी ओरड त्याच्याच वाट्याला आली होती. दंगा चौघांनी केला तरी नाव त्याचं. पाहुण्या पोरांना मी "बाळा" म्हणत होते आणि त्याला "किती वेळा सांगायचं". मी त्याला म्हटलं, "चुकलं माझं. आता नियम सगळ्यांना एकच." रात्री जगदलपूरला पोचल्यावर अर्धा तास मी फक्त त्याच्याबरोबर बाजारात चालून आले. पुढचे तीन दिवस रोज तो अर्धा तास पाळला. आपलं मूल या प्रवासात यजमान असतं आणि ते काम त्याने मागून घेतलेलं नसतं. निघण्याआधी याचा विचार मी केला नव्हता, तो करायला हवा होता.

कांकेरनंतर केशकालचा घाट. बारा वळणं, मालाने लादलेले ट्रक आणि मध्ये तेलिन मातेचं देऊळ. घाटातले ड्रायव्हर तिथे थांबून हात जोडतात. आम्हीही थांबलो, पण देवीसाठी नाही. मधल्या जागेवर बसलेली मुलगी अचानक पांढरीफटक पडली आणि पट्टा सोडेपर्यंत तिला उलटी झाली. तोंड धुताना ती सारखी "सॉरी आंटी" म्हणत होती. विचारलं तर कळलं, धमतरीपासूनच मळमळत होतं. भावाने आणि इतर दोघांनी खिडकी मागितली म्हणून तिने मागितली नव्हती, आणि बरं वाटत नाही हे सांगितलंही नव्हतं.

स्वतःच्या आईला तिने ते धमतरीलाच सांगितलं असतं.

दुसऱ्याच्या घरचं मूल तक्रार करत नाही. त्याला तसं शिकवून पाठवलेलं असतं: त्रास देऊ नको, मागू नको, वाढतील ते खा. गुणी मुलांच्या बाबतीत हीच खरी काळजीची गोष्ट. त्या घाटानंतर मी "सगळे ठीक आहात ना?" असं विचारणं बंद केलं, कारण त्याला सगळे "हो" म्हणतात. प्रत्येकाला वेगळं, नेमकं विचारायला लागले. डोकं दुखतंय का, शू लागली आहे का, काल रात्री थंडी वाजली का. कॅम्पमधल्या मुलाने तेव्हा सांगितलं की त्याच्या बुटाचा तळवा आत टोचतो आहे. कोंडागावच्या बाजारात जाड मोजे घेतले.

कोंडागावला मात्र पोरांनी मला शिकवलं. इथली घडवा मंडळी पिढ्यानपिढ्या ढोकरा कामाच्या मूर्ती घडवतात. मातीचा गाभा, त्याच्यावर मेणाचे केसासारखे बारीक दोरे गुंडाळून केलेली नक्षी, वरून पुन्हा मातीचा लेप. भट्टीत तापवलं की मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओततात. गार झाल्यावर साचा फोडायचा. एका साच्यातून एकच मूर्ती. कारागीर हे सावकाश समजावून सांगत होता. मी मान डोलवत होते. आमची चौकडी मात्र त्याला अडवून प्रश्न विचारत होती. किती तापमान? मळी कुठून काढता? ओतताना ओलावा राहिला तर उडत नाही का? ओलाव्याच्या प्रश्नावर कारागीर थांबला आणि त्या आठ वर्षांच्या मुलाकडे नीट बघायला लागला. जिथे एका तुकड्यात १३० मीटर लांबीचा रूळ तयार होतो आणि असे रूळ जोडून २६० मीटरचे करून रेल्वेला पाठवतात, त्या गावची ही पोरं. घरी जेवताना वडिलांच्या तोंडून वितळलेल्या धातूच्या गोष्टी ऐकलेली. ओल्या साच्यात धातू पडला तर काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. चौघांनी मिळून वर्गणी काढली आणि एक वीतभर लांबीचा पितळी बैल विकत घेतला. तो कुणाच्या घरी राहणार यावर उरलेला प्रवासभर चर्चा चालली.

जगदलपूरच्या पहिल्या रात्री धाकटा रडला. आवाज न करता, उशीत. त्याच्या बहिणीने येऊन मला उठवलं. त्यांच्या आईची रात्रपाळी होती. तिला निरोप ठेवला आणि वाट पाहत बसलो. साडेबाराच्या सुमारास तिचा फोन आला. तिने मल्याळममध्ये तीनेक मिनिटं काहीतरी सांगितलं. मला त्यातला एक शब्द कळला नाही. त्याने हुंकार दिले, फोन माझ्या हातात दिला आणि झोपला.

साने गुरुजींनी अखेरच्या वर्षांत आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं: एका प्रांताच्या माणसांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्यांच्या घरी राहावं, त्यांचं साहित्य आपल्या भाषेत आणावं. १९५० मध्ये ते गेले. पुढे एस. एन. सुब्बाराव, ज्यांना सगळे भाईजी म्हणत, त्यांनी मुलांचे मेळावे भरवले. त्यांत वेगवेगळ्या राज्यांमधून आलेली मुलं यजमान गावातल्या कुटुंबांच्या घरी राहत असत. एका छताखाली काही दिवस काढल्याशिवाय दुसऱ्याची भाषा कानात मुरत नाही, हे या दोघांनाही माहीत होतं. आम्ही अकरा वर्षं एका जिन्याने चढतो-उतरतो. हिंदीत बोलतो, ओणमला सद्या आणि गणपतीला मोदक एकमेकांकडे खातो. पण रात्री साडेबाराला रडणाऱ्या त्यांच्या लेकराला झोपवता येईल असे दोन शब्द माझ्याकडे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या बहिणीकडून ते शिकून घेतले. 'साराम इल्ला', म्हणजे काही नाही रे, असू दे. आणि 'उरंगिक्को', म्हणजे झोप हं.

कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातल्या कुटुमसरच्या गुहेत अरुंद वाटेने खाली उतरावं लागतं. पावसाळ्यात ती पाण्यामुळे बंद असते. हिवाळ्यात स्थानिक गाइड दिवे घेऊन नेतात. चुनखडीचे लोंबते खांब, ओली घसरडी जमीन आणि पाण्यात फिकट, आंधळे मासे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंधारात डोळ्यांचं काम संपलेले. एका रुंद जागी गाइडने सांगून सगळे दिवे विझवले. असा अंधार मी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात एका लहान हाताने माझी बोटं घट्ट धरली. कुणाचा हात ते मला कळलं नाही. दिवे लागायच्या आत तो सुटलाही. नंतर मी विचारलं नाही.

तीरथगढचा धबधबा पाहिला, पायऱ्यांवर माकडांनी केळी पळवली. त्याच्याबद्दल पोरं अजून बोलतात. मला आठवतं ते चित्रकोट.

इंद्रावती ओडिशातून येते आणि जगदलपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर एका घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून जवळपास २९ मीटर खाली पडते. पावसाळ्यात ती पूर्ण रुंदीने, गढूळ लाल रंगाची कोसळते. डिसेंबरात तिच्या वेगवेगळ्या धारा होतात आणि खालचा डोह निवळतो. हीच नदी पुढे गडचिरोलीची सीमा धरून वाहते आणि सिरोंच्याच्या बाजूला गोदावरीला मिळते. मी पोरांना सांगितलं की हे पाणी महाराष्ट्राला भेटायला चाललं आहे. त्यांचं लक्ष नावांकडे होतं. डोहातून धबधब्याच्या पायथ्याजवळ नेणाऱ्या नावा, लाइफ जॅकेटं, नावाड्यांच्या हाका.

माझा मुलगा एकटा असता तर मी त्याला बसवलं असतं. मीच शेजारी बसले असते. पण त्या काठावर पाय अडखळले. माझ्या मुलासाठी जे मी ठरवू शकते ते इतर तिघांसाठी ठरवायला ती मुलं माझी नाहीत. कागदावर उपचारांचं होतं, पोहण्याचं होतं, नावेचं नव्हतं. मी "कुणीच जायचं नाही" म्हटलं. माझ्या मुलाचा चेहरा पडला.

मग खालच्या मजल्यावरच्या आईला फोन लावला. ती झोपेतून उठली होती. ऐकून म्हणाली, "भाभी, यांच्या आजोळी बाजारात जायलासुद्धा नावच लागते. दोघं पोहतात. तुम्हीच सांभाळून बसा." कुट्टनाडच्या कालव्यांवर वाढणारी मुलं, आणि मी त्यांना पाण्यापासून वाचवत होते! कॅम्पमधल्या वडिलांचा फोन मात्र लागला नाही. ते पाळीवर होते.

नवरा तिघांना घेऊन नावेत बसला, प्रत्येकाच्या जॅकेटचे बंद मी स्वतः ओढून पाहिले. कॅम्पमधला मुलगा आणि मी काठावर खडकावर बसलो. त्याने हट्ट केला नाही. उरलेली खुरमी आम्ही दोघांनी खाल्ली. त्याने मला शिवनाथ नदीकाठच्या त्याच्या आजीच्या गावाबद्दल सांगितलं, तिथे उन्हाळ्यात वाळूत खड्डा खणून गोड पाणी कसं काढतात ते. खूप वेळ बोलला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याला माझ्याशी एकट्याने बोलायला मिळालं होतं. आणि मलाही.

रात्री त्याच्या वडिलांचा फोन आला. "दीदी, तुम्हाला ठीक वाटेल तसं करा." मी म्हटलं, असं नको भाऊ, हो किंवा नाही सांगा. पलीकडे थोडं थांबून ते म्हणाले, "बैठा दीजिए. मैंने भी नहीं देखा है वो. आके बताएगा मुझे." दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर आम्ही साठ-सत्तर किलोमीटरचा फेरा घेऊन पुन्हा चित्रकोटला गेलो. सकाळच्या पहिल्या नावेत तो पुढच्या टोकाला बसला. वरून तुषार पडत होते आणि तो डोळे न मिटता वर पाहत होता.

पितळी बैल आता महिन्यामहिन्याने घर बदलतो.

परवा खालच्या मजल्यावरची वर आली. मे महिन्यात ते आलप्पुळला जाणार आहेत, या वेळी दोघांचीही रजा मंजूर झाली आहे. "तुमच्याला आणि कॅम्पवाल्याला पाठवता का?" तिने विचारलं, आणि सोबत तोच कागद आणला होता. माझाच मजकूर, फक्त तिच्या अक्षरात, आणि खाली तिने एक ओळ वाढवली होती: नावेत बसायला संमती आहे का. मी रक्तगट लिहिला, ॲलर्जी 'नाही' लिहिलं. 'पोहता येतं का' या रकान्यापुढेही 'नाही' लिहावं लागलं. तो कागद अजून टेबलावर आहे, नावेची ओळ कोरी. सोमवारपासून माझ्या मुलाला पोहण्याच्या शिकवणीला घातलं आहे. कॅम्पवाला मुलगाही बरोबर जातो.